धाव आणि चाकोरी

शास्त्रपाठ : इब्री १२:१-१५
सोबत वाचावे : १ करिंथ ९:२४-२७, २ तीमथ्य ४:६-८, यशया ३५:३-४

थंडीच्या दिवसांत आमच्या वडोदऱ्यात मॅरेथॉनची मोठी शर्यत भरते. ती रविवारी पहाटे असते. त्यामुळे रस्ते अडवलेले असतात, रिक्षावाले लांबचा वळसा घालतात, आणि उपासनेचे पहिले गीत संपले तरी निम्मे बाक रिकामेच राहतात. अशाच एका रविवारी आशीर्वचनानंतर आवारात चहा घेता घेता बोलणे निघाले. एक वडीलधारे बंधू रागावून म्हणाले, "प्रभूच्या दिवशी ह्या धावण्याचे एवढे काय?" त्यावर तरुण संघातल्या एका मुलाने चटकन उत्तर दिले, "काका, पण पौलानेच शर्यतीचा दाखला दिला आहे ना?" दोघांचेही म्हणणे थोडे थोडे खरे होते. मी घरी गेलो, जेवण झाल्यावर इब्री लोकांस पत्राचा बारावा अध्याय उघडला आणि शेवटपर्यंत वाचला. 'शेवटपर्यंत' म्हणण्याचे कारण असे की एरवी आपण पहिल्या दोन वचनांवर थांबतो. मीही पुष्कळ वर्षे तेथेच थांबत आलो होतो, आणि मुलांनाही तेवढेच शिकवीत आलो होतो.

शर्यतीवर बोलायचे म्हटले की शब्बाथ शाळेच्या शिक्षकांच्या हाताशी पहिले वचन येते ते १ करिंथ ९:२४. बक्षीस समारंभाला तर ते हटकून वाचले जाते. धावणारे पुष्कळ, बक्षीस एकाला. तेव्हा मुलांनो, पहिले या, असा त्याचा सोयीचा अर्थ आपण लावतो. पण ज्यांना पौलाने हे लिहिले त्या करिंथकरांच्या डोळ्यांपुढे काय होते ते प्रथम पाहू. करिंथ शहराजवळ इस्थमस येथे पोसायडन नावाच्या समुद्रदेवाप्रीत्यर्थ दर दोन वर्षांनी क्रीडामहोत्सव भरत असे. पौल करिंथात दीड वर्ष राहिला (प्रेषितांची कृत्ये १८:११), आणि त्याचा धंदा तंबू करण्याचा होता. उत्सवाला जमणाऱ्या हजारो लोकांना तंबू लागत असणारच. त्याने ते खेळ पाहिले असोत वा नसोत, त्यांच्या गप्पा त्याच्या कानांवर रोज पडत असतील. जिंकणाऱ्याला मिळे तो मुकुट सोन्याचा नव्हता. कधी पाइनच्या डहाळ्यांचा, तर कधी कोथिंबिरीच्या कुळातील एका भाजीच्या सुकलेल्या पाल्याचा मुकुट देत. पंचविसाव्या वचनात नाश पावणाऱ्या मुकुटाचा उल्लेख येतो तो ह्या पाल्यामुळे. बक्षीस हातात येण्याआधीच ते कोमेजलेले असायचे!

ह्या वचनात पौलाने शर्यतीसाठी वापरलेला मूळ ग्रीक शब्द 'स्तादिओन' हा आहे. स्तादिओन म्हणजे मैदानाची एक लांबी, दोनशे मीटरांच्याही आतली. ही झटक्यात संपणारी धाव होती. कोण पुढे, कोण मागे हे लगेच दिसे. पौल तेथे आत्मसंयमन शिकवीत आहे आणि त्यासाठी हा दाखला योग्यच आहे. पण 'तुम्ही असे धावा' असे सांगताना त्याचे क्रियापद अनेकवचनी आहे. सर्वांनी मिळवावे अशी त्याची इच्छा आहे. आणि आयुष्याच्या शेवटी, तुरुंगातून तीमथ्याला लिहिताना, आपली धाव संपल्याचे सांगून तो लगेच पुढे म्हणतो की तो मुकुट केवळ आपल्यासाठी राखलेला नाही. प्रभूचे प्रकट होणे ज्यांना प्रिय आहे त्या सर्वांसाठी आहे. म्हणजे एकालाच बक्षीस ही इस्थमसच्या मैदानाची रीत झाली. देवाच्या घरची रीत तशी आहे असे पौलाने कोठेही म्हटलेले नाही.

इब्रीकरांस पत्र लिहिणाऱ्याचा शब्द वेगळा आहे. तो 'आगोन' म्हणतो. ह्या शब्दात झुंज आणि कष्ट दोन्ही येतात. गेथशेमाने बागेतील प्रभूच्या वेदनेसाठी लूकने जो शब्द वापरला आहे (लूक २२:४४) तो ह्याच कुळातला आहे. त्याला जोड दिली आहे 'हुपोमोने' ह्या शब्दाची. आपण त्याचे भाषांतर 'धीर' असे करतो. मूळ अर्थ ओझ्याखाली टिकून राहणे असा आहे. तेव्हा लेखकाच्या मनातली धाव लांब पल्ल्याची आहे हे उघड आहे. ग्रीक खेळांत लांब धावही असे. मॅरेथॉन मात्र जुन्या खेळांत नव्हती. ती १८९६ साली अथेन्सला भरलेल्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिकपासून सुरू झाली. पण लांब धाव म्हणजे काय हे मुलांना समजावून सांगायला ती उपयोगी पडते, आणि त्यासाठी आपल्याला परदेशी नावे शोधत जाण्याचे कारण नाही.

१९१९ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर खेळांच्या स्पर्धा भरल्या होत्या. सर दोराबजी टाटा त्या वेळी जिमखान्याचे अध्यक्ष होते. पुढे १९२९ साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष काउंट बाये-लातूर ह्यांना लिहिलेल्या पत्रात दोराबजींनी त्या स्पर्धांची हकीकत सांगितली आहे, आणि ती मोठी वाचनीय आहे. भाग घेणारी मुले शेतकरी घरांतली, शेतात राबणारी, साध्या भाकरतुकड्यावर वाढलेली होती. नियम, सराव, शिकवणारा माणूस ह्यांचा त्यांना पत्ता नव्हता. मैदान म्हणजे खडबडीत गवताळ माळ. आयोजकांची तयारीही बेताचीच होती. शंभर यार्ड धावायला ऑलिंपिकमध्ये किती वेळ लागत असेल असे विचारल्यावर समितीतल्या एका प्रमुख गृहस्थांनी अंदाज सांगितला तो मिनिटांत! हिशेब सेकंदांचा आणि सेकंदाच्याही भागांचा असतो हे ऐकून मंडळी चकित झाली. लांब पल्ल्याची शर्यत साध्या खडीच्या रस्त्यावर झाली. मुले अनवाणी धावली. आणि त्यांनी घेतलेला वेळ युरोपातल्या धावपटूंच्या जवळ जाणारा आहे असे दोराबजींना दिसून आले. तेथून पुढल्या वर्षीच्या ऑलिंपिकला हिंदुस्थानचा संघ पाठवण्याची कल्पना निघाली. खर्चाचा काही भार दोराबजींनी स्वतः उचलला.

ते ऑलिंपिक बेल्जियममधील अँटवर्प शहरी १९२० साली झाले. पहिले महायुद्ध संपून दोन वर्षेही झाली नव्हती. आपल्या लहानशा संघात बेळगावचे फडेप्पा चौगुले होते, सदाशिव दातार होते. कुस्तीसाठी कुमार नवले आणि रणधीर शिंदे होते. शिंदे आपल्या वजनगटात चौथे आले. चौगुले आणि दातार मॅरेथॉन धावले. दिवस २२ ऑगस्टचा. पंचांग मांडून पाहिले तर तो रविवार निघतो. आमच्या त्या वडीलधाऱ्या बंधूंना हे आवडणार नाही. आणि १९२४ साली पॅरिसला रविवारी धावण्यास नकार देणाऱ्या एरिक लिडेलची गोष्ट प्रत्येक शब्बाथ शाळेत सांगितली जाते, हेही मी जाणून आहे. लिडेलचा प्रश्न लहान नाही. पण तो विश्रामदिवसाच्या पाठात घ्यावा. शिवाय चौगुले, दातार हे ख्रिस्ती नव्हते, आणि त्यांना ओढून आपल्यात बसवण्याची गरजही नाही. प्रभूने शोमरोनी माणसाचा दाखला दिला तेव्हा त्याला यहूदी करून घेतले नव्हते.

अँटवर्पची ती मॅरेथॉन ४२,७५० मीटरांची होती. आज ठरलेल्या ४२,१९५ मीटरांहून अर्ध्या किलोमीटरने जास्त. फिनलंडचा हानेस कोलेहमाइनेन २ तास ३२ मिनिटे ३५.८ सेकंदांत पहिला आला. एस्टोनियाचा युरी लॉसमन तेरा सेकंदांहूनही कमी अंतराने दुसरा. फडेप्पा चौगुले २ तास ५० मिनिटे ४५.४ सेकंदांत पोहोचले. त्यांचा क्रमांक एकोणिसावा.

येथे शिक्षकांनी वर्गात थोडे थांबावे आणि मुलांना घड्याळात अठरा मिनिटे मोजायला सांगावे. आपला एक संपूर्ण उपदेश अठरा मिनिटांत होतो. (माझा होत नाही, हे आमची मंडळी सांगेल.) तेवढा वेळ आधी पहिले बक्षीस ठरून गेले होते. दुसरे, तिसरेही गेले होते. चौगुले तरीही धावत होते. 'बक्षीस एकालाच' हेच जर धावण्याचे कारण असेल, तर त्या शेवटच्या काही मैलांत बेळगावचा तो तरुण कशासाठी धावत होता? स्तादिओनच्या दाखल्यातून ह्याचे उत्तर निघत नाही. आगोनच्या दाखल्यातून निघते. त्याला नेमून दिलेली धाव ती होती, आणि ती अजून संपली नव्हती.

दातारांची धाव मात्र पूर्ण झाली नाही. निकालात त्यांच्या नावापुढे क्रमांक नाही. उपदेशांत आपण बहुधा कोलेहमाइनेनविषयी बोलतो, फार झाले तर चौगुल्यांविषयी. दातारांविषयी काय बोलावे हे आपल्याला सुचत नाही, कारण आपण अध्याय दुसऱ्या वचनावर मिटून ठेवलेला असतो. आता तो पुढे उघडू.

पण पुढे जाण्याआधी एक पाऊल मागे. बाराव्या अध्यायाची सुरुवात 'म्हणून' अशा अर्थाच्या शब्दाने होते, तेव्हा अकराव्या अध्यायाच्या अखेरीला काय आहे ते पाहिले पाहिजे. तेथे विश्वासाच्या वीरांची ती मोठी यादी संपते आणि लेखक एक विलक्षण गोष्ट सांगतो (११:३९-४०). ह्या सर्वांना वचनफळ मिळाले नाही. आपल्यावाचून त्यांनी पूर्ण होऊ नये असे देवाने ठरवले. हाबेल आधी निघाला, अब्राहाम, मोशे मागून निघाले, ते सगळे आपल्या कितीतरी पुढे आहेत. पण त्यांची धाव आपल्याशिवाय पूर्ण धरली जात नाही. ज्या मैदानाची ही रीत आहे तेथे पुढच्याने मागच्याला हरवून काय मिळवायचे? साक्षीदारांचा मेघ म्हणजे वरून टाळ्या वाजवणारे प्रेक्षक अशी कल्पना मुलांच्या मनात असते. मूळ शब्द साक्ष देणाऱ्यांचा आहे. ते स्वतः धावून गेलेले लोक आहेत, आणि अजून आपली वाट पाहत थांबलेले लोक आहेत.

दुसऱ्या वचनात प्रभु येशूला 'आर्खेगोस' म्हटले आहे. आपल्या भाषांतरात 'उत्पादक' असा शब्द आहे. तो चुकीचा नाही, पण आज तो शब्द ऐकून कारखाना आठवतो. आर्खेगोस म्हणजे जो पहिल्याने जातो आणि ज्याच्या जाण्याने मागच्यांना वाट होते तो. हा अर्थ मला स्वतःला नीट उमगला तो एका अगदीच परक्या खेळामुळे, म्हणून तो येथे सांगतो. बर्फ आपल्यापैकी बहुतेकांनी फ्रिजमध्येच पाहिला असेल. पण नॉर्वे, स्वीडन, फिनलंड ह्या देशांत हिवाळ्यात पायांना लांब लाकडी पट्ट्या बांधून बर्फावरून मैलोगणती घसरत जाण्याची जुनी रीत आहे. त्या पट्ट्यांना स्की म्हणतात. १९२४ साली फ्रान्समधील शामोनी गावी हिवाळी खेळांचा पहिला आंतरराष्ट्रीय मेळा भरला; त्याला पुढे पहिले हिवाळी ऑलिंपिक म्हणून मान्यता मिळाली. त्यात पुरुषांसाठी १८ आणि ५० किलोमीटरांच्या स्की-शर्यती होत्या. नॉर्वेच्या थोरलेफ हाउगने दोन्ही जिंकल्या. पन्नास किलोमीटरांना त्याला ३ तास ४४ मिनिटे ३२ सेकंद लागले, आणि पहिले चौघेही नॉर्वेचेच होते.

ह्या जुन्या शर्यतींत सगळे एकदम सुटत नसत. ठरावीक वेळाने एकेक जण सुटे. धावणारा रानावनातून एकटा जाई. आपण कितवे आहोत हे त्याला डोळ्यांनी दिसत नसे. जे दिसे ते एवढेच : पुढे गेलेल्याच्या पट्ट्यांनी बर्फात पडलेल्या दोन समांतर रेषा. ताजा भुसभुशीत बर्फ असला की पहिल्याने जाणाऱ्याचे हाल होतात, कारण वाट त्याला स्वतःच्या पायांनी दाबत न्यावी लागते. मागून येणाऱ्याच्या पट्ट्या त्याच खाचांत बसतात आणि त्याचे श्रम पुष्कळ वाचतात. आता त्या खाचा यंत्राने पाडतात. त्या काळी त्या माणसांच्या पायांनी पडत. आपला प्रभु वधस्तंभ सोसून पुढे गेला तो असा. त्याच्याकडे पाहत धावावे असे लेखक सांगतो तेव्हा नजर वर आभाळात लावायची नसून त्याने पाडलेल्या वाटेवर ठेवायची आहे, असे मला वाटते.

आता बारावे व तेरावे वचन. मधली वचने पित्याच्या शिस्तीविषयी आहेत. त्यांवर स्वतंत्र पाठ होऊ शकेल, म्हणून येथे ती सोडून देतो. बाराव्या वचनात लोंबकळणारे हात आणि लटपटणारे गुडघे येतात. हा उल्लेख यशयाच्या पस्तिसाव्या अध्यायातून घेतलेला आहे, जेथे बंदिवासातून परतणारी थकलीभागली माणसे अरण्यातून सीयोनेकडे निघाली आहेत. हे हात आणि गुडघे कोणाचे? आपण वाचताना सहज 'तुमचे' असे धरतो, आणि मग उपदेश होतो की बाबा, थकू नकोस, कंबर कस. मूळ ग्रीकमध्ये तेथे 'तुमचे' हा शब्द नाही. नुसते ते हात, ते गुडघे, आणि त्यांना सरळ करण्याची आज्ञा अनेकवचनी, सबंध मंडळीला दिलेली. स्वतःचे हातही त्यात आले, शेजाऱ्याचेही आले. 'तुमचे' हा शब्द येतो तो पुढल्या वचनात पायांसाठी : तुमच्या पायांसाठी वाटा सरळ करा, म्हणजे लंगडे उखळून न जाता बरे होईल. 'लंगडे' हा शब्द नपुंसकलिंगी आहे, म्हणून काही अभ्यासक तो स्वतःच्या दुखऱ्या अवयवाला लावतात, काही मंडळीतल्या अशक्त भागाला लावतात. मी दुसऱ्यांच्या बाजूचा आहे. पंधराव्या वचनात लेखक उघडच मंडळीतल्या एकेका माणसाविषयी बोलतो, हे त्याचे कारण.

'वाटा' ह्यासाठी मूळ शब्द आहे 'त्रोखिया'. तो चाक ह्या अर्थाच्या शब्दापासून झाला आहे. चाकाने पडलेली वाट. ह्यासाठी मराठीइतका नेमका शब्द क्वचितच दुसऱ्या भाषेत असेल : चाकोरी! आज आपण हा शब्द नाक मुरडून वापरतो. चाकोरीबद्ध जीवन, चाकोरीबाहेरचे शिक्षण वगैरे. पण काळ्या रानात पाऊस पडून गेल्यावर ज्याने बैलगाडी हाकली आहे त्याला विचारा. पहिली गाडी गेली आणि तिची चाकोरी सरळ पडली तर मागच्या दहा गाड्या सुखाने जातात. ती वाकडी गेली, किंवा खोल चिखलातून गेली, तर मागून येणारी गाडी त्याच खाचेत शिरते आणि तिचा कणा मोडतो. चाकोरी पाडणारा पुढे निघून गेलेला असतो. त्याला हे कळतही नाही. नगर जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांतून बैलगाडीने उपदेशाला जाणाऱ्या आपल्या जुन्या लोकांना हे वचन समजावून सांगण्याची गरज पडली नसती.

तेव्हा दुसऱ्या वचनात प्रभूने पाडलेली वाट आहे, आणि तेराव्या वचनात आपण पाडायची वाट आहे. मी धावताना माझ्या पायांनी जी चाकोरी पडते तिच्यावरून कोणी लंगडा येत आहे. त्याचा सांधा तीत उखळेल, की त्याला चालता येईल? तेरावे वचन विचारते ते एवढेच.

ह्या प्रश्नाने मला त्या दुपारी एका मुलाची आठवण झाली. पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. मी नुकताच शब्बाथ शाळेचा वर्ग घेऊ लागलो होतो आणि मोठ्या उत्साहात होतो. पाठांतर स्पर्धा ठेवली; १२१ वे स्तोत्र. माझ्या वर्गात एक मुलगा होता, तो बोलताना अडखळत असे. त्याची पाळी आली. पहिले वचन झाले, दुसऱ्या वचनाच्या सुरुवातीलाच त्याची जीभ अडकली. मुले हसली. उपासनेची घंटा व्हायला थोडा वेळ राहिला होता, आणखी सहा मुले बाकी होती. मी घड्याळाकडे पाहिले आणि म्हणालो, "बस, पुढचा ये." तो जाऊन बसला. बक्षिसे दिली तेव्हा मी भाषण केले ते १ करिंथ ९:२४ वर, आणि ते चांगले झाले असे दोघातिघांनी मला सांगितलेही. पुढच्या रविवारी तो मुलगा आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. हजेरीपटावर मी तीन महिने गैरहजेरी मांडली आणि मग नवीन पट करताना त्याचे नाव उतरवून घेतले नाही. त्याच्या घरी गेलो नाही. घर माझ्या येण्याजाण्याच्या रस्त्यावर होते.

मागल्या वर्षी खंडेराव मार्केटात भाजी घेताना एका तिशीतल्या गृहस्थाने मला हाक मारली, "सर, ओळखलं का?" नाव सांगितल्यावर ओळखले. इकडचे तिकडचे बोलणे झाले, लग्न झाले आहे, मुलगी शाळेत जाते असे त्याने सांगितले. निघता निघता तो म्हणाला, "सर, मला त्या दिवशी ते सगळं पाठ होतं." आवाजात राग नव्हता. मी म्हटले, "आता येतं का?" तो हसला, आणि तेथेच, टोमॅटोच्या ढिगापाशी उभा राहून त्याने ते स्तोत्र म्हणायला सुरुवात केली. बराच वेळ लागला. भाजीवाली बाई दोनदा आमच्याकडे पाहून गेली. आठही वचने झाली. मी त्याची क्षमा मागितली. "असू द्या सर," म्हणून तो गेला. तो पुन्हा आमच्या मंडळीत आलेला नाही.

त्याने स्तोत्र शेवटपर्यंत म्हटले आणि मी मात्र ते वर्षानुवर्षे अर्धवटच राहिले असे समजत होतो. त्याच्यापुढची चाकोरी माझ्या पायांनी पडली होती. माझा तो दिवस यशस्वी गेला असे मी घरी सांगितले होते.

पंधरावे वचन ह्याच ठिकाणी लागू पडते. देवाच्या कृपेला कोणी उणा पडू नये म्हणून लक्ष ठेवा, अशी तेथे आज्ञा आहे. 'उणा पडणे' ह्यासाठीचा मूळ शब्द 'हुस्तेरेओ'. त्याचा साधा अर्थ मागे राहणे, उशिरा पोहोचणे. धावण्याचा दाखला लेखकाच्या मनातून अजून गेलेला नाही असे दिसते. आणि 'लक्ष ठेवा' ह्याचा मूळ शब्द ज्या कुळातला आहे त्याच कुळातून 'अध्यक्ष' किंवा 'बिशप' हा शब्द आला आहे. मागे कोण राहिले हे पाहण्याचे काम येथे बिशपसाहेबांवर, पाळकसाहेबांवर किंवा पंचमंडळीवर टाकलेले नाही. आज्ञा सगळ्या मंडळीला आहे. आपण आर्जवाने म्हणतो, पाळकसाहेब घरभेटीला येत नाहीत. इब्रीकरांस पत्राप्रमाणे घरभेटीला न गेलेल्यांत आपणही आहोत.

येथे कोणी म्हणेल की मग स्पर्धा नकोत, बक्षिसे नकोत का? माझे तसे म्हणणे नाही. मुलांना स्पर्धा आवडतात आणि कोलेहमाइनेनने जोरात धावू नये असे कोणीच म्हणणार नाही. हाउग सावकाश गेला असता तर मागच्यांना वाटही झाली नसती. जो जोरात धावू शकतो त्याने धावावेच. एवढेच की ज्या दिवशी १ करिंथ ९:२४ वाचायचे त्या दिवशी इब्री १२:१३ ही वाचावे. आणि बक्षीस देणाऱ्याने घड्याळ खिशात ठेवावे.

शिक्षकांनी हा पाठ दोन रविवारांत घ्यावा असे सुचवतो. लहान वर्गासाठी एका ताटात ओली वाळू घ्यावी, खेळण्यातली गाडी एकदा सरळ आणि एकदा वेडीवाकडी ओढावी, आणि मग दुसरी, एक चाक हलणारी गाडी त्याच खाचांतून ओढायला मुलांना सांगावे; स्पष्टीकरण फार करावे लागत नाही. मधल्या वर्गाला चौगुल्यांची गोष्ट सांगून नकाशात बेळगाव, पुणे व अँटवर्प दाखवावे, आणि आपापल्या गल्लीतून निघून आपण एका तासात कोठवर पोहोचू हे विचारावे. पाठांतर घ्यायचे असेल तर १२ वे व १३ वे वचन घ्यावे, आणि शेवटचे मूल म्हणून होईपर्यंत सर्वांनी उभे राहावे. मोठ्या वर्गासाठी मात्र गोष्टीची गरज नाही. दुसऱ्या रविवारी हजेरीपट घेऊन बसावे, ज्यांची नावे गेल्या वर्षात गळाली ती मोठ्याने वाचावीत, आणि कोणाच्या घरी कोणी जायचे ते उठण्यापूर्वी तेथेच ठरवावे. जाताना दोघांनी जावे, जेवणाच्या वेळी जाऊ नये, आणि पहिल्या भेटीत 'उपासनेला का येत नाही' असे विचारू नये.

आमच्या वर्गात अशी अकरा नावे निघाली. पैकी चार घरी आम्ही जाऊन आलो. तीन ठिकाणी चहा झाला, एका आजीबाईंनी गीतांचे जुने पुस्तक काढून दाखवले. चौथ्या घरी दिवा लागलेला होता, पण दार उघडले नाही. तेथे पुढल्या शनिवारी पुन्हा जायचे ठरले आहे.